‘चालणार नाही’ असं सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुम्हाला वाचता येणार नाही. तुमच्यासाठीच्या चार ओळी माझ्या मुलाने चिनी अक्षरांत लिहिल्या होत्या आणि त्या तुमच्या हातात पोचल्याही. पण तो दहा वर्षांचा आहे. त्याने लिहिलं, ‘आमच्या आजीला जेवायला दिल्याबद्दल आभार.’ तुम्ही केलंत ते याहून कितीतरी जास्त होतं, आणि ते सगळं मला माझ्या भाषेतच नीट सांगता येईल. शिवाय ज्यांच्या घरात माझ्या आईसारखी एखादी आई, सासू किंवा आजी आहे, त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. म्हणून हे उघड पत्र.

तुमचं नाव तुमच्या बिल्ल्यावर आहे, पण ते मी इथे लिहीत नाही, आणि हाँगकाँगमधल्या ज्या हॉटेलात तुम्ही गाडीवरून पदार्थ वाढता त्याचंही नाही. तिथे सगळेच तुम्हाला ‘जेजे’ म्हणून हाक मारतात. जेजे म्हणजे मोठी बहीण, म्हणजे आमची ताईच. तेव्हा ताई.

माझी आई वाईची. वय 72. मांस, मासे, अंडं तिने जन्मात खाल्लेलं नाही. बाबा गेल्यापासून ती चातुर्मासही कडक पाळते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. गेल्या वर्षी आषाढात ती पहिल्यांदा आमच्याकडे हाँगकाँगला आली. माझा नवरा मालवणचा, त्यामुळे त्याचा आणि मुलाचा जीव कोळंबीवर. दर रविवारी सकाळी डिमसमला, म्हणजे चहाबरोबर छोट्या टोपल्यांतले वाफवलेले पदार्थ खायला, जायचं हा आमच्या घरचा सहा वर्षांचा नेम. आई आल्यावर तो मोडायचा नाही असं आईनेच बजावलं.

पण तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथल्या वाढप्याला मी इंग्रजीत तीनदा विचारलं, की यात मांस किंवा मासळी काही आहे का. तिन्ही वेळा त्याने ‘व्हेज, व्हेज’ म्हणून मान डोलावली. मुळ्याच्या वड्या आल्या. तांदळाचं पीठ आणि किसलेला मुळा एकत्र वाफवून, वड्या कापून तव्यावर खरपूस परतलेल्या. आईला पहिली वडी फार आवडली. ‘अगदी आपल्या कोथिंबीरवडीसारखी’ म्हणाली. दुसरी तोडल्यावर तिला आत बारीक, गुलाबी, वाकडं काहीतरी दिसलं. सोडे होते ते. इथे मुळ्याच्या वडीत सोडे आणि चिनी सॉसेजचे तुकडे घालतातच, चव त्यानेच येते, हे मला नंतर कळलं.

आईने बशी बाजूला सरकवली, पाणी प्यायली, आणि नातवाचं खाणं होईपर्यंत त्याच्याशी हसत गप्पा मारत बसली. घरी आल्यावर तिने अंघोळ केली. रात्री जेवली नाही. मला एका शब्दाने बोलली नाही. त्यानंतर कुठेही बाहेर पडताना तिच्या पिशवीत दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी असायची. आम्ही कुठे खायला बसलो की ‘मला भूक नाही गं’ म्हणायची, आणि पुढे बागेतल्या बाकावर बसून एक दशमी खायची. ते बघून माझ्या पोटात तुटायचं.

मैत्रिणींनी सुचवलं म्हणून डायमंड हिलला ची लिन मठाशेजारच्या नान लियान बागेत गेलो. तिथे धबधब्यामागे शाकाहारी जेवण मिळतं. उत्तम होतं. आई शांतपणे पोटभर जेवली. पण परत येताना मेट्रोत म्हणाली, ‘माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांनी किती दिवस असं जेवायचं? बाळाला त्याचं ते कोळंबीचं आवडतं ना, तिथे जाऊ. मी बसेन.’

तिचं ते ‘मी बसेन’ घेऊनच मी पुढच्या रविवारी तुमच्याकडे आले.

तुम्हाला तो दिवस आठवतो की नाही, माहीत नाही. रविवारचे अकरा वाजलेले, दाराशी नंबर घेऊन उभी असलेली माणसं, आत गोल टेबलांचा तो मोठा हॉल आणि त्यात सगळ्यांचा एकदम चाललेला आवाज. आम्हाला एका वयस्कर जोडप्याबरोबर अर्ध्या टेबलावर जागा मिळाली. हाँगकाँगमध्ये आता बहुतेक ठिकाणी कागदावर पेन्सिलीने खुणा करून किंवा फोनवरून मागवायचं असतं. गाड्या ढकलत टोपल्या विकणारी हॉटेलं थोडीच उरली आहेत. तुमची गाडी वाफ सोडत आमच्यापाशी आली. तुम्ही ‘हार गाव, स्यू माय’ असं लांबवून म्हणत होतात, म्हणजे कोळंबीच्या वाफवलेल्या करंज्या आणि मांसाच्या पुरचुंड्या. मुलाने त्याच्या दोन टोपल्या घेतल्या, तुम्ही टेबलावरच्या कार्डावर दोन शिक्के मारलेत. मग तुमचं लक्ष आईच्या रिकाम्या बशीकडे गेलं. तुम्ही मुलाला काहीतरी विचारलंत.

तो म्हणाला, ‘आजी जाय खाते.’

हा शब्द त्याला शाळेत कळला होता. मी मात्र इतकी वर्षं ‘व्हेज’, ‘नो मीट’ म्हणत आले होते. इथे ‘नो मीट’ म्हटलं की लोकांना वाटतं मांसाचा तुकडा नको, त्याचा रस्सा चालेल, सोडे चालतील, चरबी चालेल. जाय हा शब्द मात्र देवाधर्माचा. बौद्ध लोकांचं ते व्रताचं जेवण. त्यात मांस, मासळी तर नाहीच, शिवाय कांदा, लसूण, पातीसारख्या उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य. म्हणजे माझ्या आईचा चातुर्मास तुमच्या भाषेतल्या एका शब्दात जसाच्या तसा बसत होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तुम्ही गाडी तिथेच थांबवलीत. मागून दुसरी गाडी येत होती, पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी हात करत होतं, तरी थांबवलीत. मी एका पांढऱ्या पावाकडे बोट दाखवलं. आत कमळाच्या बियांचं गोड सारण असतं, हे मला माहीत होतं. गोड आहे म्हणजे आईला चालेल, असा माझा हिशेब. तुम्ही टोपलीवर झाकण ठेवलंत, आत स्वयंपाकघरात गेलात, परत आलात आणि मान हलवलीत. ‘म् दक्.’ चालणार नाही. सारणात डुकराची चरबी. मी तिळाच्या गोळ्यांकडे बोट केलं. पुन्हा आत गेलात, पुन्हा ‘म् दक्.’ तळायचं तेल एकच. तिसऱ्यांदा हिरव्या पालेभाजीकडे. या वेळी आत जावंसुद्धा लागलं नाही. वर ऑइस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस होता, बाटलीकडे बोट करूनच सांगितलंत.

तीन वेळा ‘चालणार नाही’ ऐकून मी ओशाळले होते. आईच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिला बरं वाटत होतं. मला हळूच म्हणाली, ‘अगं, ही बाई खरं सांगतेय.’

ताई, मला आभार मानायचे आहेत ते पहिल्यांदा यासाठी. हो म्हणणं सोपं होतं. तुम्ही हो म्हणाला असतात तर कार्डावर तीन शिक्के वाढले असते, गाडी पुढे गेली असती, आणि आईला काही कळलंही नसतं. आईच्या जिभेला डुकराची चरबी ओळखता येत नाही. तिला न कळणाऱ्या गोष्टीचीही काळजी तुम्ही घेतलीत. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज असतो, तो आम्ही दर वेळी भरतो. पण दोनदा आत जाऊन खरं काय ते विचारून येणं त्या दहा टक्क्यांत येत नाही.

चौथ्यांदा तुम्ही आलात तेव्हा हातात दोन बशा होत्या. एकीत तांदळाच्या पिठाच्या मऊ, पांढऱ्या, आत काहीच नसलेल्या गुंडाळ्या. त्यांना तुम्ही ‘जाय च्यंग’ म्हणालात. नावातच जाय! दुसरीत तीन फन ग्वो, म्हणजे आत मशरूम, गाजर आणि काळ्या कानासारख्या अळंबीचं सारण असलेल्या वाफवलेल्या करंज्या. गुंडाळ्यांवर एरवी तांबूस गोड सॉस आणि तिळाचा सॉस दोन्ही घालतात. तुम्ही तांबूस सॉसची बाटली दाखवलीत, नाकापाशी बोट नेलंत, लसूण असल्याची खूण केलीत आणि ती लांब ठेवून दिलीत. तीळ आणि सोया एवढंच घातलंत. मग एप्रनच्या खिशातून कात्री काढून गुंडाळ्यांचे घासाएवढे तुकडे केलेत, आणि आईच्या हातातल्या चॉपस्टिक्स अलगद काढून घेऊन चिनी मातीचा चमचा दिलात.

आणखी एक गोष्ट मी नंतरच्या रविवारी पाहिली. फन ग्वोची टोपली तुम्ही गाडीवर चळतीच्या सगळ्यात वर ठेवली होती. टोपल्यांच्या तळाला भोकं असतात, वरच्या मांसाच्या टोपलीतलं पाणी खालच्या टोपलीत ठिबकतं. तुम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं. आईने ते माझ्याही आधी टिपलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईची नजर ती.

चहाचंही सांगायला हवं. दारातच तुमच्याकडे विचारतात कोणता चहा. माणशी चहाचे पैसे लागतात, तो घ्यावाच लागतो, आणि खरं तर सकाळच्या या सगळ्या खाण्याचं नावच ‘यम चा’, चहा पिणं. ‘चा’ हा आईला आपोआप कळलेला पहिला कॅन्टोनीज शब्द, कारण आमचा चहा तुमच्या चापासूनच आलेला. आम्ही नेहमी काळा पुअर चहा घेतो, तो आईला कडू लागला. तुम्ही पुढच्या खेपेला फुलांचा चहा आणून ठेवलात. आईने किटलीचं झाकण उचललं आणि थबकलीच. आत वाळलेली पिवळसर शेवंती फुलत होती. ‘ही तर देवाची शेवंती!’ जन्मभर तिने शेवंतीच्या वेण्या केल्या, हार केले, महालक्ष्म्यांपुढे वाहिली, पण ती पिता येते हे तिला 72व्या वर्षी तुमच्या टेबलावर समजलं. तीन कप प्यायली.

त्या चहाच्या वेळीच आमच्या टेबलावरच्या आजोबांनी तिला बोटं टेकवायला शिकवलं. कोणी आपल्या कपात चहा ओतला की तर्जनी आणि मधलं बोट जोडून टेबलावर दोनदा टेकवायची, की आभार झाले, बोलणं थांबवावं लागत नाही. नातवाने त्यांचं सांगणं मराठीत करून सांगितलं: छिएनलुंग नावाचा बादशाह वेश पालटून फिरत होता, एका चहाच्या दुकानात त्याने स्वतःच्या सेवकाला चहा ओतून दिला. सेवकाला तर पाया पडायचं होतं, पण पडला तर बादशाह ओळखला जाणार. म्हणून त्याने दोन बोटं गुडघ्यांसारखी वाकवून टेबलावर टेकवली. गोष्ट खरी असेल नसेल, आईला ती पटली. आमच्याकडे उठसूट धन्यवाद म्हणायची पद्धत नाही. घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलं तर तो रागावेल. आईला दोन बोटांचे आभार फार सोयीचे वाटले. त्या सकाळी तिने तुमच्यासाठी किती वेळा टेबल वाजवलं!

आता कुरडईबद्दल. त्यासाठी तर हे पत्र लिहायला बसले असंही म्हणता येईल.

आईने फन ग्वो चमच्यात घेतला आणि तोंडात घालण्याआधी उजेडाकडे धरला. वरची पारी इतकी पारदर्शक होती की आतल्या गाजराचा रंग दिसत होता. तिने बोटाने दाबून पाहिली, वास घेतला, एक तुकडा खाल्ला आणि मला म्हणाली, ‘हा चीक आहे. कुरडईचा चीक.’ मी म्हटलं, काहीतरीच काय. पण तिचं बरोबर होतं. हार गाव आणि तसल्या करंज्यांची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. गव्हातला चिकटपणा काढून टाकला की खाली राहतं ते पांढरं सत्त्व, त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ, म्हणजे आमचा साबुदाणा ज्याचा करतात तेच, आणि मग उकळतं पाणी ओतून मळायचं. आई दर उन्हाळ्यात तीन दिवस गहू भिजवते, वाटते, गाळते, वरचं पाणी ओतून टाकते आणि तळाशी बसलेला चीक शिजवते. शिजताना तो पांढऱ्याचा काचेसारखा होतो. 50 वर्षं तिने ते पातेलं ढवळलं आहे. तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मुलाने त्याच्या तोडक्यामोडक्या कॅन्टोनीजमध्ये तुम्हाला हे सांगायचा प्रयत्न केला. कुरडई कशी सांगणार? त्याने ‘आजी घरी हे पीठ करते’ एवढं सांगितलं. तुम्ही आईकडे पाहिलंत, आणि गाडी एका सहकारणीच्या हवाली करून आईचा हात धरून तिला उठवलंत. मला वाटलं काही चुकलं. तुम्ही तिला हॉलच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या काचेच्या खिडकीपाशी नेलंत. आत एक माणूस पाऱ्या करत होता. लाटणं नाही. हातात धार नसलेला रुंद सुरा. सुरा तेलाच्या फडक्यावर पुसायचा, सुपारीएवढा गोळा ओट्यावर ठेवायचा, त्यावर सुरा आडवा दाबून एक गिरकी द्यायची, की गोल, पातळ, कडेला आणखी पातळ अशी पारी सुऱ्याला चिकटून वर येते. ती तळहातावर घेऊन मध्ये सारण, आणि मग एकाच बाजूला कळ्या. बोटं इतकी भराभर चालत होती की मोजता येईनात. आईने मोजल्या. ‘अकरा,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘मोदकाला मी एकवीस घालते, पण हे फार नाजूक आहे.’

तुम्ही दोघी काचेला नाक लावून उभ्या होतात. ती मराठीत बोलत होती, तुम्ही कॅन्टोनीजमध्ये. ती हवेत बोटांनी मोदकाच्या कळ्या करून दाखवत होती, सगळ्या वर एकत्र मिटवत होती. तुम्ही मान डोलावून तुमच्या बोटांनी हार गावच्या एका बाजूच्या कळ्या दाखवत होतात. मी लांबून पाहत होते. इथे आल्यापासून तिला कोणी ‘तुम्हाला काय येतं’ असं विचारलं नव्हतं. काय चालत नाही, एवढंच सगळे विचारत होतो, मीसुद्धा.

त्यानंतर आई चार रविवार तुमच्याकडे आली. पिशवीतल्या दशम्या दुसऱ्या रविवारपासून घरी राहिल्या. शेवटच्या रविवारी तुम्ही गाडी ढकलत नव्हतात, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून दुपारचं जेवत होतात. भात, टोफू, कोबी. मुलाने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आज पंधरावा दिवस, आज मीही जाय. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तुम्ही ते पाळता, तुमची आई पाळायची म्हणून. आईने लगेच बोटांवर मोजलं. उद्या राखी पौर्णिमा. आमचा मराठी महिना अमावस्या संपल्यावर सुरू होतो, तुमचाही अमावस्येलाच. दोन्ही पंचांगं एकाच चंद्रावर चालतात, एखाद्या दिवसाच्या फरकाने. आई म्हणाली, ‘म्हणजे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.’

हो. तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

त्या दिवशी निघताना तुम्ही आईच्या हातात कागदाची पुडी ठेवलीत. तुमच्या हॉटेलातली नव्हती, बाजारातून आणलेली. आत पांढऱ्याशुभ्र, जाळीदार, गोड वड्या. तांदूळ भिजवून, वाटून, आंबवून, साखर घालून वाफवलेल्या. कोकणात आम्ही सांदण करतो, त्याच्याच जवळची चव. माझ्या नवऱ्याने एक खाल्ली आणि बराच वेळ गप्प बसला. त्याची आजी करायची.

कॅन्टोनीजमध्ये आभाराचे दोन शब्द आहेत, हे मला सहा वर्षांत शिकावं लागलं. कोणी काम करून दिलं, वाट दिली, चहा ओतला, तर ‘म्गोय’. कोणी काही भेट दिली, तर ‘दोजे’. दुकानदाराला दोजे म्हणत नाहीत, पुडी देणाऱ्याला म्गोय म्हणत नाहीत. तुम्ही पुडी दिलीत तेव्हा मी घाईत म्गोय म्हणाले आणि मुलाने मला टोकलं. पुडीसाठी दोजे. पण दोनदा आत जाऊन विचारून आलात, ते काम होतं की भेट? काचेपाशी आईचा हात धरून उभ्या राहिलात, ते? टोपली चळतीच्या वर ठेवलीत, ते? माझ्या मते सगळीकडे दोजेच म्हणायला हवं. तेव्हा ताई, दोजे. आणि रोज सकाळी त्या वाफेत गाडी ढकलता त्यासाठी म्गोय.

आई येत्या डिसेंबरात पुन्हा येते आहे. तिने उन्हाळ्यात केलेल्या कुरडयांचा एक डबा तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे. तळायच्या कशा, ते मुलगा लिहून देणार आहे. तेल चांगलं तापू द्या, आणि तेल वेगळं हवं हे तुम्हाला सांगायची गरजच नाही. आम्ही चौघे रविवारी अकराला येऊ. फन ग्वोची एक टोपली आणि शेवंतीचा चहा ठेवा. तोवर कार्तिकी एकादशी होऊन गेलेली असेल, चातुर्मास संपलेला असेल. त्यामुळे या वेळी जाय च्यंगवर तो तांबूस सॉस घातलात तरी चालेल.

दक्.

तुमची,
वाईच्या आजींची मुलगी